नाझरेकरांचे अकरा चित्रपट आणि ओहोटी

मला सबंध आयुष्यात एकाच माणसाचं जाहीर कौतुक करावंसं वाटलं, आणि ते केल्यावर माझा डावा हात चार दिवस खांद्याच्या वर गेला नाही. तेव्हापासून मी कौतुक मनातल्या मनात करतो. त्याला कचेरीची परवानगी लागत नाही, कमान उभारावी लागत नाही आणि ज्याचं करायचं तो माणूस समोर बसून आपल्याकडे बघत नाही. या तीन गोष्टी ज्याने एकदा भोगल्या आहेत त्याला माझं म्हणणं इथेच पटलं असेल. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

तो माणूस म्हणजे चित्रपट-दिग्दर्शक मार्तंडराव नाझरेकर. नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमची चूक नाही. मुंबईतसुद्धा ते फारसं कुणी ऐकलं नव्हतं. पण आमच्या खारवाडीत पन्नास-साठ साली त्या नावाला जो मान होता तो कलेक्टरला नव्हता. अर्थात कलेक्टर खारवाडीत कधी आला नव्हता. नाझरेकर आले, हा फरक.

खारवाडी म्हणजे राजपुरीच्या खाडीत आत वळून, आगरदांड्याच्या समोरच्या अंगाला, चिखलात पाय सोडून बसलेलं चाळीस उंबऱ्यांचं गाव. पुढे खाडी, मागे मिठागरं, मध्ये एकशिक्षकी शाळा. तो एक शिक्षक मी. मी मूळचा तळा गावचा. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी सापडतं. अठ्ठेचाळीस साली जंजिरा संस्थान विलीन झालं, शाळा सरकारी झाली आणि माझी बदली इकडे झाली. माझं आडनाव निराळं आहे, पण गावाने पहिल्याच आठवड्यात मला ‘तळेकर मास्तर’ केलं आणि मी अकरा वर्षं तळेकरच राहिलो. म्हणजे बाहेरचा. मासळीतलं मला कळत नव्हतं, मिठातलं कळत नव्हतं, भातातलंही फारसं नाही. गावात कुणाला काही विचारायचं असलं तर लोक मला ओलांडून पलीकडच्याला विचारीत. फक्त एका विषयात ते माझ्याकडे येत. तो विषय नाझरेकर. माझी जी काय पत होती ती एवढ्या एका खुंटीवर टांगलेली होती, हे ध्यानात ठेवा.

दिवाळी झाली की आगरदांड्याच्या धक्क्याजवळच्या माळावर रामचंद्रशेठचा सिनेमाचा तंबू लागायचा आणि वैशाखात उठायचा. आम्ही खाडी ओलांडून चांगदेवच्या होडीतून जायचो. चांगदेव म्हणजे आमच्या वाडीचा कोळी. त्याच्या तोंडातून शब्द निघायला भरतीइतका वेळ लागे. तो सिनेमाला होडी काढायचा ती अष्टमीच्या आसपासच्या दोन-तीन दिवसांतच, पंधरवड्यातून एकदा. मी सुरुवातीला कारण विचारलं तर म्हणाला, “भांग हाय.” मी मान डोलावली. मास्तराने मान डोलावायची सवय वाईट. पुढचं कुणी सांगत नाही.

तंबूत पुढच्या रांगेत माझ्यासाठी एक घडीची खुर्ची असे. मी वही घेऊन बसायचो. आणि पडद्यावर नाझरेकर सुरू व्हायचे.

त्यांची शैली मला पहिल्याच चित्रपटात जाणवली. कथा शेवटापासून सुरू व्हायची. नायिका मरायची, किंवा नायक तुरुंगातून सुटून उजाड घरी यायचा, किंवा म्हातारा बाप मुलाच्या पायावर डोकं ठेवायचा. तंबूतल्या बायका हुंदके देत. मग पडद्यावर अक्षरं यायची, ‘समाप्त’. आणि त्यानंतर नामावली. कोण कलाकार, कोण संगीतकार, दिग्दर्शन मार्तंडराव नाझरेकर. मग तीच मेलेली नायिका आठ वर्षांची होऊन अंगणात खेळायची. तिचं बालपण जरा रंगात आलं की मागून चांगदेवची बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी ऐकू यायची, आणि चित्रपट संपायचा. आम्ही उठायचो. आगरदांड्याची मंडळी बसूनच राहत. त्यांची घरं जवळ, त्यांना घाई कसली, असं मला वाटे.

दीड तासात सबंध आयुष्य. पुढचं टोक आणि मागचं टोक, मधलं गाळलेलं. असा दिग्दर्शक मी पाहिला नव्हता. तसे मी दुसरे दिग्दर्शक फारसे पाहिलेच नव्हते, पण जे पाहिले तेही पुढे पुढे असंच करू लागले. ते पाहून मी मुंबईच्या एका साप्ताहिकाला खरमरीत पत्र लिहिलं की, नाझरेकरांची शैली आजकाल सर्रास चोरली जात आहे, याकडे कुणाचं लक्ष आहे काय. पत्र छापून आलं नाही. मला वाटलं, चोरांचे हात वरपर्यंत पोचले आहेत.

एकोणसाठ सालच्या मार्गशीर्षात मी ठरवलं की या माणसाला एक कार्ड लिहावं. फक्त एक कार्ड. आपली कला आगरदांड्यात समजून घेतली जाते हे आपल्या कानी यावं, एवढंच. हे मी शाळेच्या ओट्यावर बसून धर्माजीला बोललो, तिथे घोटाळा झाला.

धर्माजी म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा अध्यक्ष. मिठागरवाला, अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. वाचनालयात दोनशे बारा पुस्तकं होती आणि धर्माजीने त्यातलं एकही उघडलं नव्हतं, म्हणून तो निःपक्षपाती अध्यक्ष समजला जायचा.

“कार्ड?” तो म्हणाला. “मास्तर, कार्डावर बारशाचं कळवतात. येवढ्या मोट्या मान्साला कार्ड धाडाल तर त्यो काय म्हनंल?”

“मग पाकीट पाठवू.”

“पाकिटात काय घालाल?”

“निबंध लिहीन. त्यांच्या अकरा चित्रपटांचं रसग्रहण.”

“त्यो वाचंल कवा? त्याला हितं बोलवा. तुमी वाचा, त्यो आयकंल. वाचनालयाला दहा वर्सं व्हतायत. हार घालू, नारळ देऊ.”

मी म्हटलं, एवढा मोठा माणूस इथे कशाला येईल. धर्माजी म्हणाला, न येना का, आपण बोलावलं असं तर होईल. मला तो विचार सुरक्षित वाटला. घरी जाऊन मी मनुबाईंना सांगितलं. मनुबाई म्हणजे आमचं कुटुंब. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “येणार ते.”

“तुला कसं माहीत?”

“चार वर्षांत त्यांचा नवा सिनेमा आला नाही. रिकामा माणूस बोलावलं की येतो. तुम्ही नाही का जात, सगळ्या बारशांना.”

नाझरेकरांचं उत्तर आठ दिवसांत आलं. येतो म्हणाले. पौष वद्य षष्ठीच्या दिवशी दुपारी बोटीने आगरदांड्याला उतरतो, संध्याकाळच्या बोटीने परत गेलं पाहिजे. पत्राचा कागद जुन्या चित्रसंस्थेच्या नावाचा होता आणि ते नाव पेनाने खोडलेलं होतं. ते पाहून मला जरा कसंतरी वाटलं, पण मी निबंध लिहायला बसलो.

धर्माजीला कर्णा हवा होता. कर्ण्याला परवानगी हवी होती. परवानगीला तालुक्याची कचेरी. पहिल्या खेपेला साहेब फिरतीवर होते. दुसऱ्या खेपेला साहेब होते पण कारकून फिरतीवर होता. तिसऱ्या खेपेला कारकून भेटला. वयाने माझ्याएवढाच, आणि आयुष्याला माझ्याहून जास्त कंटाळलेला.

“कार्यक्रम कसला?”

“गौरव समारंभ.”

“राजकीय की धार्मिक?”

“दोन्ही नाही. कलाविषयक.”

“मग करमणूक.”

मला लागलं. म्हटलं, “करमणूक मुळीच नाही. मी चौतीस पानं वाचणार आहे.”

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा सहानुभूतीने पाहिलं. “मास्तर, गौरवाला रकाना नाही. बाहेरगावचा माणूस येणार?”

“हो.”

“लोक जमणार?”

“जमावेत अशी इच्छा आहे.”

“हार, नारळ?”

“आहे ना.”

“मग ही जत्रा,” असं म्हणून त्याने जत्रेच्या रकान्यात खारवाडी लिहिली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी आनंदाने परत आलो. जत्रा तर जत्रा. रकान्याने काय बिघडतं.

काय बिघडतं ते समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी कळलं. आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर स्टोव्ह, पातेलं आणि सुया घेऊन खारवाडीत उतरला. त्या काळी जत्रा म्हटली की पटकीची सुई आलीच. जत्रेला जो येईल त्याने टोचून घ्यायचं, नाहीतर जत्रा बंद. इन्स्पेक्टर सभ्य होता. त्याने फक्त विचारलं, देव कुठला. मी म्हटलं, दिग्दर्शक. त्याने वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

दुपारपर्यंत सगळं गाव टोचून झालं. धर्माजी दंड धरून माझ्यापाशी आला. “मास्तर, त्यो सिनेमावाला येनार म्हनून आमाला सुया. त्याला काय रोग हाय काय?”

“अहो, कागदावर जत्रा पडली.”

“मग येक पाळना तरी आना. सुई तेवडी आमाला आनि जत्रा न्हाय, ह्ये काय?”

संध्याकाळी गावात अर्ध्या लोकांना कणकण आली आणि कुणाचाही डावा हात कमरेच्या वर जाईना. माझाही. निबंध मी उजव्या हाताने पुरा केला.

कमानीचं आणखी सांगायचं राहिलं. मला वाटलं, पाहुणे होडीतून उतरतील तिथेच ‘सुस्वागतम्’ लिहिलेली कमान असावी. विठोबा सुताराला मी समारंभाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता किनाऱ्यावर नेलं, पाणी दूर होतं, चिखलात मोकळी जागा पाहून म्हटलं, इथे. विठोबाने त्या जागेकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “हितंच?” म्हटलं, इथेच. त्याने बिचाऱ्याने वासे रोवले. दुपारी तीन वाजता चांगदेवच्या होडीतून नाझरेकर आले तेव्हा भरती लागलेली होती, कमानीचा वरचा हातभर भाग तेवढा पाण्याबाहेर होता, आणि ‘सुस्वागतम्’ची पाटी पाहुण्यांच्या गुडघ्याला लागली.

“ही ओलांडायची की खालून जायचं?” नाझरेकरांनी विचारलं. त्यांचे हे खारवाडीतले पहिले शब्द.

ते बारीक होते, उंच होते, आणि कुठल्यातरी मोठ्या आजारातून नुकतेच उठल्यासारखे दिसत होते. पण आजार नव्हता, चार वर्षांचं रिकामपण होतं, हे त्यांच्या पुढच्याच बोलण्यातून कळलं. होडीतून उतरले तो समोर इन्स्पेक्टर. प्रत्येक येणाऱ्याला, तो म्हणाला. मी मध्ये पडलो, गयावया केली. नाझरेकरांनी मला बाजूला केलं, कोटाची बाही काढली आणि दंड पुढे केला.

“राहू द्या मास्तर,” ते म्हणाले. “माझ्यासाठी चार वर्षांत कुणी साधी बैठक भरवली नव्हती. ही तर जत्रा आहे.”

समारंभ शाळेच्या अंगणात. कार्यक्रमपत्रिका मी नाझरेकर-शैलीत आखली होती. म्हणजे पहिल्यांदा आभारप्रदर्शन, मग समारोप, मग प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय शेवटी. धर्माजीने उठून आलेल्या सर्वांचे आभार मानले तेव्हा मागचे चार-पाच जण घरी जायला उठले, त्यांना परत बसवावं लागलं. हार घालायला दोन्ही हात वर जाईनात, म्हणून धर्माजीने एका हाताने हार फेकला. तो नाझरेकरांच्या एका कानाला अडकला. टाळ्या वाजल्या नाहीत. वाजणार कशा, उजवा हात एकटा काय वाजवणार. चाळीस घरांचं गाव पाहुण्याकडे टक लावून गप्प बसलं होतं. परक्या माणसाला ते सत्कारापेक्षा जाबजबाबासारखं वाटलं असणार.

मग मी उभा राहिलो. चौतीस पानांतली शेवटची दहा पानं पहिल्यांदा, मग सुरुवातीची दहा, आणि वेळ उरला तर मधली चौदा. मी काही नाझरेकर नव्हे, मला मधलं गाळणं जमलं नव्हतं.

शेवटची दहा पानं बरी गेली. त्यांत सगळं सामान्य होतं: कलेची थोरवी वगैरे. नाझरेकर डोळे मिटून ऐकत होते. मग मी सुरुवातीकडे आलो आणि त्यांच्या ‘वकिलाची सून’ या चित्रपटाचं विवेचन सुरू केलं. मला आजही ते पान पाठ आहे.

“या चित्रपटात,” मी वाचलं, “सून प्रथम मरते. नवऱ्याच्या मांडीवर मरते, आणि समाप्त होते. त्यानंतर ती आठ वर्षांची होते. ती शेजाऱ्याच्या झाडाची कैरी चोरते, पायरीवर बसून मिठाला लावून खाते, आत आई हाक मारते, ती ओ देत नाही. आणि इथे नाझरेकर आपल्याला सोडून जातात. सामान्य दिग्दर्शकाने पुढे तिचं लग्न दाखवलं असतं, सासू दाखवली असती, कोर्टकचेरी दाखवली असती. नाझरेकरांना त्याची गरज वाटत नाही. ते प्रेक्षकावर विश्वास टाकतात.”

नाझरेकरांनी डोळे उघडले. “मास्तर, एक मिनिट.”

मी थांबलो.

“कोर्ट होतं त्यात. पन्नास मिनिटांचं.”

“कुठे?” मी विचारलं. दुसरा काय प्रश्न विचारणार.

“मध्ये. लग्न आहे, सासू आहे, दोन गाणी आहेत. कोर्टात तिचा सासरा तिच्याविरुद्ध उभा राहतो. चित्रपट त्यावरच आहे. आणि ती शेवटी मरते, आधी नाही.”

  तेवढ्यात मागून चांगदेव उठला. त्याने सगळ्या आयुष्यात एवढं एकदम बोलल्याचं मला आठवत नाही.

“सायेब, त्यो कोर्ट आमी कंदी बघितलाच न्हाय. भांगाला, म्हंजे अष्टमीच्या मंद पान्याला, जाळ्यात मासळी न्हाय, तवा आमच्या होड्या मोकळ्या. तवाच सिनेमाला जायाचं. पन भांगाला पानी सांजच्याला उतरतं. सबंद सिनेमा बघून निगालो तर होडी हितं चिकलात बसंल, मंग रात उलटेपत्तूर बसा. म्हनून मी रामचंदरशेटला बोललो, आमच्या मान्सांना आदी शेवट दाव, मंग पयलं दाव. मदलं तुज्या मान्सांना दाव सावकाशीनं. त्यो भला मानूस, आयकला.”

“किती वर्षं?” नाझरेकरांनी विचारलं.

“तंबू लागल्यापास्नं.”

माझ्या हातात चौतीस पानं होती. त्यांतली तेहतीस तरी आता रद्दी होती. अकरा वर्षांत ज्या एका विषयात गाव मला विचारत होतं, तो विषय रामचंद्रशेठने रिळांचे डबे उलटसुलट लावून तयार केला होता. आणि वाईट म्हणजे, एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?” मी विचारलं.

“व्हय,” धर्माजी म्हणाला. तोही बिचारा ओशाळला होता.

“मग मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं का नाही?”

“तुमी मास्तर. पुडं खुर्चीवर बसून वहीत लिवत व्हता. आमाला वाटलं, तुमाला म्हाईतच आसंल.” जरा थांबून तो म्हणाला, “कमानीचं पन तसंच झालं.”

मी मनुबाईंकडे पाहिलं. त्या बायकांत बसल्या होत्या आणि पदराची चुणी नीट करत होत्या.

“तुलाही?”

“मधलं आम्ही विहिरीवर ठरवत होतो की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी पाणी भरताना. प्रत्येकीचं निराळं. वकिलाच्या सुनेचं तीन दिवस चाललं होतं. कोर्ट मात्र कुणाला सुचलं नाही हो. सासू दुखण्यात पडते, सून तिची सेवा करते, आणि सासू हातातल्या बांगड्या काढून तिला देते, असं ठरलं होतं. धर्माजींच्या काशीला ते पटलं नव्हतं.”

“सासू बांगड्या देनार न्हाय,” काशी मागून म्हणाली. ती धर्माजीची बायको, आणि तिला सासू होती.

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल. मी त्याच्या जागी असतो तर कमानीखाली बुडून गेलो असतो. पण नाझरेकर चांगदेवकडेच बघत होते.

“तुमची होडी त्या चित्रपटात नेमकी कुठे सुटायची?”

“कैरी खाते तितं.”

“मग होडीत लोक काय बोलायचे?”

चांगदेव विचार करत राहिला. “त्या दिशी कोन काय बोललंच न्हाय. हितं येईपत्तूर बाया रडत व्हत्या.” मग जरा रागाने म्हणाला, “ती मरनार म्हाईत असतं ना, सायेब. आनि ती कैरी खाते.”

नाझरेकरांनी कानाला अडकलेला हार काढून मांडीवर ठेवला.  मग मला म्हणाले, “वाचा मास्तर, पुढे.”

“आता काय वाचू?”

“लिहिलंय ते.”

मी वाचलं. माझा आवाज शाळा तपासनीस आल्यावर निघतो तसा निघत होता. प्रत्येक वाक्य खोटं आहे हे सगळ्यांना कळलेलं, आणि तो मनुष्य प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. अकरा चित्रपटांच्या अकरा अर्ध्या गोष्टी मी वाचल्या. दहावं पान संपलं आणि मी मधल्या चौदा पानांना हात घातला, तेवढ्यात पाठीमागून शिट्टी आली.

“पानी चाललं,” चांगदेव म्हणाला.

नाझरेकर उठले. त्यांना संध्याकाळची बोट गाठायची होती आणि पाहुण्याचा परिचय करून द्यायचा राहिला होता. धर्माजीने धावत जाऊन कर्ण्यात सांगितलं की हे श्री. मार्तंडराव नाझरेकर. कमानीपाशी पाणी आता गुडघाभर होतं. विठोबाने वासा धरला, नाझरेकर खालून वाकून गेले. होडीत बसताना त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला.

“माझ्या संकलकाने त्या चित्रपटात एकच प्रसंग कापायला सांगितला होता,” ते म्हणाले. “लांबी फार होते म्हणाला.”

“कुठला?”

“ती कैरी.” दुखरा दंड धरून ते खाली बसले, आणि होडी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून गावात कुणी मला त्या प्रकारावरून काही बोललं नाही. ते जास्त लागलं. एखाद्याने थट्टा केली असती तर मी रागावलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण लोक मला पाहून आधी भरती-ओहोटीची वेळ सांगू लागले. सकाळी शाळेत येताना तीन-तीन माणसं थांबवून सांगत, “मास्तर, आज पाणी साडेसातला भरंल बरं का.” तिथी पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित दुसरीतल्या पोराला येत होतं. मला अकरा वर्षांनी, घरोघर, निरनिराळ्या माणसांनी शिकवलं.

पलीकडे रामचंद्रशेठच्याही कानावर गेलं. तो खरंच भला माणूस. त्याने निरोप धाडला की माझ्यामुळे मास्तरांचा अपमान झाला. ‘वकिलाची सून’ मी पुन्हा मागवतो, माघातल्या एकादशीला पाणी सोयीचं आहे, मास्तरांनी आणि वहिनींनी यावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ दाखवतो. मला जायचं नव्हतं. मनुबाई म्हणाल्या, “चला. एकदा बघून तर टाकू, काय चुकलं ते.” चांगदेवने त्या दिवसाची मासेमारी सोडून आम्हा दोघांसाठी होडी काढली. उपास होता म्हणून मनुबाईंनी उकडलेली रताळी बरोबर घेतली.

खुर्ची होती. वही मी नेली नव्हती.

चित्रपट सुरू झाला तो नामावलीने. मग अंगण, झाड, आणि आठ वर्षांची पोर. तिने कैरी चोरली, पायरीवर बसली, मिठाला लावून खाल्ली. आईने हाक मारली. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. लोक अजून जागा धरत होते, शेंगा सोलत होते, कुणीतरी मागे कुणालातरी मोठ्याने विचारत होतं की बाळंतीण कशी आहे. ते बरोबरच होतं. त्यांना काय माहीत होतं. पडद्यावर एक पोर कैरी खात होती, एवढंच.

मग शिट्टी झाली नाही, आणि मधलं सुरू झालं. लग्न झालं. सासू आली. गाणं झालं, दुसरं झालं. कोर्ट भरलं. सासरे उभे राहिले आणि बोलू लागले. ते चांगलं बोलत असणार. मला पहिली दोन वाक्यं आठवतात. तीन खेपा कचेरीच्या, एक सुई, चौतीस पानं, अकरा वर्षं, असं सगळं माझ्या पापण्यांवर येऊन बसलं. मनुबाईंचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं तेव्हा मी त्यांना उठवणार होतो, एवढं आठवतं.

जागा झालो तो बायकांच्या हुंदक्यांनी. ती नवऱ्याच्या मांडीवर होती. गेली. पडद्यावर ‘समाप्त’ आलं, दिवे लागले, लोक उठले, चपला शोधू लागले. मी उठलो. मनुबाई बसूनच होत्या, मांडीवर रताळ्याचं फडकं, डोळे पुसत, पडद्याकडे बघत.

“चल,” मी म्हटलं. “चांगदेव थांबलाय.”

“थांबा हो जरा,” त्या म्हणाल्या. “अजून कैरी व्हायची आहे.”

मी परत खुर्चीत बसलो.